हप्ता भरला, जमा कुठे झाला?

वीजबिलाचा कागद आपल्या वस्त्यांमध्ये कसा वाचला जातो हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. शेवटचा आकडा पाहायचा, शेवटची तारीख पाहायची आणि कागद खिळ्याला अडकवून ठेवायचा. मधल्या ओळी कोणीच वाचत नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क इथपर्यंत तरी माणूस कसाबसा येतो. त्याच्या खाली "निव्वळ थकबाकी / जमा", "समायोजित रक्कम", "व्याजाची थकबाकी" अशा ओळी असतात, त्यांच्याकडे नजरही जात नाही. आणि गरीब माणसाचे जे काही व्हायचे ते नेमके याच तीन-चार ओळींत होते. त्याने भरलेला पैसा, सरकारने दिलेली सवलत, चुकीच्या बिलाची दुरुस्ती, ठेवीवरचे व्याज, सगळे याच ओळींतून येते किंवा येत नाही.

सवलत जाहीर होते तेव्हा वर्तमानपत्रात फोटो येतो. हप्ते पाडून दिले की पुढारी सांगतात, बघा, आम्ही हप्ते पाडून दिले. पण हप्ता पाडणे ही अर्धीच गोष्ट आहे. भरलेला हप्ता कोणत्या खात्यात, कोणत्या क्रमाने जमा केला जातो, हा खरा प्रश्न आहे आणि तो विचारण्याची सवय आपल्या चळवळीने अजून लावून घेतलेली नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. सावकाराची वही आपल्या आजा-पणजांनी पाहिली आहे. वर्षभर पैसे भरायचे, धान्य घालायचे, आणि वर्षाच्या शेवटी मुद्दल जसेच्या तसे. का? तर भरलेले सगळे व्याजात गेले. कायद्याचा सर्वसाधारण पायंडासुद्धा असाच आहे, की उभयपक्षी काही ठरलेले नसेल तर आलेला पैसा आधी व्याजात आणि मग मुद्दलात वळता होतो. फरक इतकाच, की सावकाराची वही त्याच्या गादीखाली असायची, आणि आताची वही संगणकात आहे. ती मागता येते. ग्राहकाच्या वैयक्तिक खात्याचा उतारा, ज्याला कार्यालयात "सीपीएल" म्हणतात, तो अर्ज करून मागता येतो. दर महिन्याला किती युनिटचे बिल केले, रीडिंग घेतले होते की सरासरीवर केले, किती पैसे कधी आले, व्याज किती लावले, समायोजन किती झाले, हे सारे त्यात महिनावार असते. तक्रार करणाऱ्याने पहिल्यांदा हा उतारा घ्यावा. त्याशिवाय घातलेला वाद म्हणजे हवेत लाठी फिरवणे.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. १४ एप्रिल २०२१ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू झाली. ऊर्जामंत्री नितीन राऊत होते. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना प्राधान्याने घरगुती वीजजोडणी द्यायची, आणि ५०० रुपयांची अनामत रक्कम एकदम न घेता पाच समान मासिक हप्त्यांत, बिलातूनच घ्यायची, अशी त्यात सोय होती. पहिल्या टप्प्याची मुदत ६ डिसेंबर २०२१ पर्यंत होती. म्हणजे महिन्याला १०० रुपये. योजना चांगली होती हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना विजेच्या धोरणाचे कामही बाबासाहेबांकडे होते, त्यामुळे त्यांचे नाव या योजनेला शोभणारेच होते.

पण या १०० रुपयांचा प्रवास पाहा. अनामत म्हणजे आपला पैसा कंपनीकडे ठेवलेला. ती कमाई नाही, ते शुल्कही नाही. बिलात हा हप्ता इतर आकारांबरोबर मिसळून आला आणि कुटुंबाने एखाद्या महिन्यात बिलापेक्षा कमी पैसे भरले, तर ते कशात गेले? अनामतीत की विजेच्या आकारात? पाच महिने पूर्ण झाल्यावर बिलावर "सुरक्षा ठेव" म्हणून ५०० रुपये उमटले का? हे तपासणारा कार्यकर्ता वस्तीत एक तरी असायला हवा. कारण वीज कायदा २००३ च्या कलम ४७ प्रमाणे या ठेवीवर बँक दराने व्याज मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि जोडणी बंद केल्यावर मागणी केल्यास ठेव परत मिळते. ठेव खात्यात उमटलीच नाही तर व्याज कशावर लागणार आणि परत काय मिळणार? सहा टक्के दर धरला तरी ५०० रुपयांवर वर्षाला ३० रुपये होतात. कोणी म्हणेल, वकीलसाहेब ३० रुपयांसाठी लेख लिहितात काय! होय, लिहितो. ज्याचे घर रोजंदारीवर चालते त्याचे ३० रुपये त्याच्या खात्यात आले पाहिजेत. आणि अशी कुटुंबे काही एक-दोन नाहीत.

ठेवीचा दुसरा पदर त्याहून मोठा आहे. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेने, दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकासाठी ठेवीची मर्यादा एका महिन्याच्या सरासरी बिलावरून दोन महिन्यांवर नेली. त्यानंतर २०२२ च्या उन्हाळ्यात अतिरिक्त सुरक्षा ठेवीची वेगळी बिले घरोघर आली आणि लोक चक्रावून गेले. हे बिल सहा समान मासिक हप्त्यांत भरण्याची मुभा होती. ती किती जणांना कळली? नेहमीचे बिल आणि ठेवीचे बिल असे दोन कागद हातात पडल्यावर अनेकांनी एकच भरला आणि दुसरा दंडाचा समजून बाजूला ठेवला.

आता थकबाकीच्या हप्त्यांकडे येऊ. लातूरचे सुपुत्र आणि राज्याचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या नावाने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२२ अशी अभय योजना महावितरणने चालवली. कायमस्वरूपी वीज तोडलेल्या ग्राहकांसाठी ती होती. मुद्दल भरले तर व्याज आणि विलंब आकार माफ. मुद्दल एकरकमी भरले तर घरगुतीसारख्या लघुदाब ग्राहकाला आणखी १० टक्के सूट. हप्त्याने भरायचे तर आधी ३० टक्के, आणि उरलेले सहा हप्त्यांत. २०२४ साली जी अभय योजना आली तिचीही घडी साधारण अशीच होती. या योजनेत एक अट होती, ती जाहिरातीत लहान अक्षरांत असते आणि आयुष्यात मोठी ठरते. हप्ते चुकले तर माफ केलेले व्याज आणि विलंब आकार पुन्हा खात्यावर चढतो.

समजा, एका कुटुंबाचे मुद्दल ६,००० आणि व्याज-विलंब आकार १,८०० आहे. ३० टक्के म्हणजे १,८०० भरले, वीज पुन्हा जोडली गेली. उरले ४,२००, सहा हप्ते, महिना ७००. कुटुंब इमानदारीने दर महिन्याला ७०० रुपये काउंटरवर भरते. पण वीज सुरू झाल्यावर चालू बिलही सुरू झाले, समजा महिना ४५०. म्हणजे दर महिन्याला १,१५० भरायला हवे होते. भरणारा समजतो, मी हप्ता भरला. खात्यात मात्र त्या ७०० पैकी ४५० आधी चालू बिलात वळते झाले तर हप्त्यात गेले फक्त २५०. पहिल्याच महिन्यात हप्ता चुकला! सहा महिन्यांनंतर या कुटुंबाने एकूण ६,००० रुपये, म्हणजे मुद्दलाइतकी पुरी रक्कम भरलेली असते. आणि वहीत काय निघते? न फिटलेल्या मुद्दलाचे २,७०० आणि परत चढलेले १,८००, मिळून ४,५०० रुपये थकबाकी. वर त्याचे व्याज वेगळे. या माणसाला तुम्ही थकबाकीदार म्हणणार. तो म्हणणार, सहा महिने रांगेत उभा राहिलो, पावत्या दाखवतो. दोघेही आपापल्या जागी खरे. फक्त पैसा कुठे जमा होणार हे हप्ते पाडताना त्याला कोणी सांगितले नाही.

यावर कायद्यात एक जुने शस्त्र आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५९ ते ६१. एकाच धनकोचे अनेक देणे असेल आणि पैसे देताना ऋणकोने सांगितले, की हे पैसे अमुक देण्यापोटी आहेत, आणि धनकोने ते घेतले, तर ते त्याच देण्यात जमा करावे लागतात. ऋणको गप्प राहिला तर धनको आपल्या मर्जीने जमा करू शकतो. दोघांनीही काही केले नाही तर जुने देणे आधी. वाचकांनी "ऋणको गप्प राहिला तर" हे शब्द नीट लक्षात घ्यावेत. आपण गप्प राहतो म्हणून मर्जी त्यांची चालते. योजनेच्या अटींत किंवा नियमांत वेगळा क्रम लिहिलेला असेल तर तो लागू होतो, म्हणून अट आधी वाचली पाहिजे. पण अट नसेल तिथे साध्या कागदावर ग्राहक क्रमांक, तारीख, रक्कम आणि "ही रक्कम अमुक महिन्याच्या हप्त्यापोटी, ही रक्कम चालू बिलापोटी" असे लिहून आवक-जावकचा शिक्का घ्यावा. ऑनलाइन भरणाऱ्याला तर ही सोयच राहत नाही. तिथे एकच चौकट आणि एकच रक्कम असते, आणि तिथे बहुधा आपल्या वस्तीतला मोबाईलवाला पोरगा दहा रुपये घेऊन भरून देतो. त्याला हे कुठून माहीत असणार!

आपल्या नायगाव तालुक्याचे दुखणे आणखी वेगळे आहे. नरसी, कुंटूर, बरबडा, मांजरम या पट्ट्यातून दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीला, हैदराबादकडे बांधकामावर जातात. घराला कुलूप. मीटर घरात असेल तर रीडिंग घेता येत नाही, आणि बिल सरासरीवर निघते. समजा, कुटुंब गेले तेव्हा मीटर २०० वर होते. पाच महिने दरमहा ६० युनिट धरून ३०० युनिटची बिले निघाली. सहाव्या महिन्यात परत आल्यावर मीटर पाहिले तर २३०. सहा महिन्यांत जळाले एकूण ३० युनिट. स्थिर आकार दर महिन्याचा द्यावाच लागेल. पण ३०० युनिटच्या बिलातला वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचे १६ टक्के वीज शुल्क हे सगळे उलटे फिरून ३० युनिटपुरतेच उरले पाहिजे. ही उलटी नोंद बिलात उणे चिन्ह लावून येते.

आणि इथे एक खाच आहे. कुटुंबाने ती सरासरीची बिले भरलेली नसतात, कारण ते गावातच नव्हते. त्या न भरलेल्या बिलांवर सव्वा टक्का विलंब आकार आणि पुढे व्याज लागत जाते. प्रत्यक्ष रीडिंग आल्यावर युनिटची रक्कम उलटते, पण न जळालेल्या विजेवर लावलेला विलंब आकार आणि व्याज, तेही उलटले का? मूळच खोटे ठरले तर फांदी कशी राहील? हा प्रश्न लेखी विचारावा. तोंडी विचारला की उत्तर येते, "सिस्टीममध्ये होईल बरोबर." सिस्टीम म्हणजे कोण, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.

याच्या उलटही होते. माणसे घरातच आहेत, पण चार महिने रीडिंग घेतले गेले नाही, आणि एकदम ३२० युनिटचे बिल आले. महिन्याला ८० युनिट म्हणजे सगळा वापर १०० युनिटच्या आतल्या स्वस्त टप्प्यातला. पण ३२० युनिट एकाच महिन्यातले धरले तर १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि २० तिसऱ्यात जातात, आणि दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो. म्हणून जितक्या महिन्यांचे रीडिंग तितक्या महिन्यांत युनिट विभागून टप्प्याचा लाभ द्यावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत साऱ्या महाराष्ट्राने हा अनुभव घेतला. मार्चपासून रीडिंग बंद, सरासरीची बिले, आणि जूनमध्ये तीन महिन्यांचे एकत्र बिल. तेव्हा गदारोळ झाला म्हणून महावितरणला महिनावार विभागणी समजावून सांगावी लागली, बिनव्याजी तीन हप्ते द्यावे लागले, एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट द्यावी लागली. शहरातला मध्यमवर्ग ओरडला तेव्हा हे झाले. वस्तीतल्या एखाद्या घराचे असे बिल दरवर्षी येत असेल तर त्यासाठी कोण ओरडणार?

दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचे तर याहून नाजूक. महिन्याला ३० युनिट, म्हणजे वर्षाला ३६० युनिटपर्यंत त्याला सर्वात कमी दर आहे. सरासरीच्या नावाखाली कागदावर जास्त युनिट चढले आणि वर्षाचा आकडा ३६० च्या पुढे गेला, तर त्याचा प्रवर्गच बदलू शकतो. मग पुढे पैसे समायोजित झाले तरी गेलेला दर्जा आपोआप परत आला की नाही, हे पाहावे लागते. युनिट उलटवताना वर्षाची बेरीजही दुरुस्त करा, असे अर्जात स्पष्ट लिहावे.

इंग्लंड-अमेरिकेत वीज कंपन्या वर्षाच्या अंदाजी वापराचे बारा समान भाग करून दरमहा सारखेच पैसे घेण्याची योजना देतात. थंडीत जास्त जळते, उन्हाळ्यात कमी, पण हप्ता तोच. कमी वापराच्या महिन्यांत जास्तीचे पैसे खात्यात जमा राहतात, जास्त वापराच्या महिन्यांत ते वळते होतात, आणि वर्षाअखेर हिशेब मिटवतात. उरलेली जमा पुढच्या बिलात धरतात किंवा ग्राहकाने मागितल्यास परत देतात. तिकडेही सगळे साव नाहीत. २०२१ साली इंग्लंडमध्ये लहान-मोठ्या अनेक वीज-गॅस कंपन्या बुडाल्या. ग्राहकांची जमा खाती दुसऱ्या कंपन्यांकडे वळवून सांभाळली गेली, पण त्या तोट्याचा बोजा शेवटी सर्व ग्राहकांच्या बिलांवर पडला. ग्राहकांचा जमा पैसा कंपन्या खेळते भांडवल म्हणून वापरतात, हा वाद तिथे मग बराच गाजला. म्हणजे जमा कुणाची, ती कुठे ठेवायची आणि ती परत कधी द्यायची, हा प्रश्न श्रीमंत देशांतही सुटलेला नाही. पण निदान तिथे तो विचारला जातो.

आपल्याकडे अशी समान हप्त्याची योजना घरगुती ग्राहकाला रूढ नाही. आगाऊ रक्कम भरता येते, आणि ती बिलात जमा म्हणून दिसते. माझे म्हणणे असे, की स्थलांतर करणाऱ्या मजूर कुटुंबासाठी अशी योजना आखता येईल. उचल हातात येते तेव्हा सहा महिन्यांचा स्थिर आकार आगाऊ भरून घ्यावा, घर बंद असल्याची नोंद करून सरासरीचे युनिट लावू नयेत, आणि परत आल्यावर रीडिंग घेऊन हिशेब मिटवावा. यात कंपनीचा तोटा नाही, उलट पैसा आधी येतो. नियामक आयोगापुढे दरनिश्चितीच्या वेळी जनसुनावणी होते, हरकती-सूचना मागवल्या जातात. मोठ्या उद्योगांचे प्रतिनिधी तिथे फायली घेऊन बसतात. नांदेड-लातूरच्या भूमिहीन मजुराच्या बाजूने तिथे एक अर्ज तरी गेला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, सरकारच तर बिल माफ करते. ते कोणाचे? मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याला मिळते त्याबद्दल आपली तक्रार नाही. पण पंप त्याचा ज्याची विहीर, विहीर त्याची ज्याची जमीन. त्या शेतात राबणाऱ्या भूमिहीनाच्या घरातल्या दोन दिव्यांना ही माफी नाही. आणि ही माफी कशी जमा होते तेही पाहण्यासारखे आहे. वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे सरकारला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम सरकारने कंपनीला आगाऊ द्यायची असते. म्हणजे सरकार पैसे भरते आणि पंपधारकाचे बिल शून्य होते. जमा करण्याची पद्धत सरकारला येत नाही असे नाही. ती कोणासाठी वापरायची हा इच्छेचा प्रश्न आहे. २००४ च्या निवडणुकीपूर्वीही शेतीला मोफत वीज जाहीर झाली होती आणि २००५ मध्ये ती बंद झाली. घोषणेच्या भरवशावर बिल न भरणाऱ्यांच्या खात्यावर थकबाकी तशीच राहिली. "भरू नका, आम्ही बघतो" म्हणणारे पुढारी मीटर काढून नेताना दिसत नाहीत, म्हणून बिल भरूच नये असा सल्ला मी कोणाला देत नाही.

मग वादग्रस्त बिल आले तर करायचे काय? कलम ५६ नीट वाचावे. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ३०,००० चे बिल आले आणि आपली सरासरी ४५० असेल, तर त्या सरासरीने हिशेब करून निषेधासह भरावे आणि पोच घ्यावी. "निषेध नोंदवून" हे शब्द अर्जात असलेच पाहिजेत. दोन वर्षांहून जुनी रक्कम, जी बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नाही, तिच्यासाठीही वीज तोडता येत नाही. मात्र अजमेर वीज वितरण निगमाच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की वीज तोडता येत नसली तरी चुकून राहिलेली रक्कम कंपनी इतर कायदेशीर मार्गाने वसूल करू शकते. तेव्हा जुने बिल म्हणजे बुडालेले बिल, असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. आणि कंपनीने दरापेक्षा जास्त घेतले असेल तर कलम ६२ प्रमाणे ते बँक दराच्या व्याजासह परत मागता येते.

ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे जायला वकील लावावाच लागतो असे नाही, हे मी वकील असून सांगतो. उपविभागीय कार्यालयाला द्यायच्या अर्जात चार गोष्टी मागाव्यात. मागील चोवीस महिन्यांचा खात्याचा उतारा. "समायोजित रक्कम" या ओळीत जे काही आले-गेले त्याची महिनावार फोड. सुरक्षा ठेव किती जमा आहे आणि तिच्यावरचे व्याज कोणत्या महिन्यात बिलात आले. आणि हप्ते पाडून दिले असतील तर त्या मंजुरीची प्रत, ज्यात चालू बिल आणि हप्ता यांचा जमेचा क्रम लिहिलेला असेल. क्रम लिहिलेला नसेल तर तो लिहून द्या, अशी मागणी त्याच अर्जात करावी. जयंती मंडळांकडे, महिला मंडळांकडे लिहिता-वाचता येणारी मुले-मुली आता भरपूर आहेत. त्यांनी येत्या महिन्यात आपल्या गल्लीतली फक्त वीस बिले गोळा करून ही ओळ तपासावी आणि जिथे उत्तर सापडणार नाही तिथे हा अर्ज द्यावा. एक प्रत आपल्याकडे, शिक्क्यासह.